टाटांचं पोलाद चंद्रपुरात का झालं नाही?

लासलगावात कांद्याच्या लिलावाला थांबलात किंवा चहाच्या टपरीवर बसलात, की एक तक्रार हमखास कानावर येते: "आपल्या निफाड तालुक्यात एखादा मोठा कारखाना का येत नाही? पोरांना पुणंच का गाठावं लागतं?" यावरचं ठरलेलं उत्तर म्हणजे राजकारण. त्यात तथ्य आहे, त्याच्यावर येतोच. पण पोलादासारखा जड उद्योग कुठे उभा राहणार, याचं बरंचसं उत्तर जमिनीच्या पोटात असतं.

आपल्या स्टेशनातून जाणारा रूळ भुसावळ, नागपूर, दुर्ग करत टाटानगरला पोहोचतो. आजची गोष्टही जवळपास त्याच वाटेने जाते.

आधी वजनाचा हिशोब

१०० किलो ऊस गाळला की साखर मिळते साधारण १० ते ११ किलो. बाकी सगळं पाणी, चिपाड आणि मळी. आता कारखाना मुंबईत काढला असता, तर १० किलो साखरेसाठी १०० किलो ऊस मुंबईला न्यावा लागला असता. म्हणजे ९० किलोचं भाडं फुकट. शिवाय तोडलेला ऊस वाटेत सुकतो, उतारा घटतो. म्हणून निफाडचा असो की रानवडचा, साखर कारखाना उसाच्या फडाजवळच बांधला गेला.

जर्मनीच्या आल्फ्रेड वेबर या अर्थशास्त्रज्ञाने १९०९ साली हाच विचार पुस्तकात नीट मांडला. प्रक्रियेत ज्या मालाचं वजन खूप घटतं, त्याचा कारखाना मालाकडे ओढला जातो. वजन घटत नसेल, तर बाजाराकडे सरकतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ऑप्टिमायझेशन म्हणतो. आपल्याकडे आज्जीसुद्धा सरपण लांबून आणताना हाच हिशोब करते.

पोलादात हा हिशोब अवघड होतो, कारण माल एक नाही. एक टन पोलादाला आज झोतभट्टीच्या पद्धतीने ढोबळमानाने दीड टन लोहखनिज आणि पाऊण टन कोळसा लागतो. वर चुनखडी आणि भरपूर पाणी. सव्वाशे वर्षांपूर्वी कोळसा याहून कितीतरी जास्त जळायचा. हे सगळं एका जागी क्वचितच सापडतं.

चांद्याचं स्वप्न

जमशेटजी टाटांना जागा निवडायची नजर होती. सगळे गिरणीवाले मुंबईत गिरण्या काढत होते, तेव्हा त्यांनी नागपूर निवडलं. कापूस तिथलाच, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे दाराशी. १ जानेवारी १८७७ला एम्प्रेस मिल सुरू झाली आणि चांगली चालली.

मग १८८२ साली त्यांच्या हाती एक अहवाल पडला. रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा, विषय चांदा जिल्ह्यातलं लोखंड. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली. तिथे लोहारा गावाजवळ उत्तम लोहखनिज असल्याचं त्यात म्हटलं होतं, आणि वरोऱ्याच्या खाणी तर त्याच जिल्ह्यात. लोखंड आहे, कोळसा आहे, रेल्वे आहे. अजून काय पाहिजे?

पाहिजे होता 'चालणारा' कोळसा. झोतभट्टीत कोळसा थेट टाकत नाहीत, आधी भाजून त्याचा कोक करतात. हा कोक कडक लागतो, कारण भट्टीत त्याच्या डोक्यावर कित्येक टन खनिज येतं. आणि सच्छिद्रही लागतो, नाहीतर गरम वायू वर जाणार कुठून? सगळ्या कोळशाचा असा कोक होत नाही. वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने जर्मनीत तपासले, तर तो या कामाचा निघाला नाही. तेव्हाचे सरकारी खाण-नियमही जाचक होते. विषय मागे पडला.

१८९९च्या सुमारास नियम सैल झाले आणि जमशेटजी पुन्हा उठले. अमेरिकेत जाऊन चार्ल्स पेज पेरीन या अभियंत्याला गाठलं. त्याचा सहकारी सी. एम. वेल्ड १९०४ साली चांद्याच्या जंगलात उतरला. सोबत जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी. महिनोन् महिने पायपीट करून निष्कर्ष काय? लोहाऱ्याचं खनिज चांगलं, पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतकं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात जमशेटजी जर्मनीत वारले.

दोराबजी नागपूरला आले, 'आम्ही सोडतोय' हे सरकारी अधिकाऱ्याला सांगायला. साहेब जागेवर नव्हते. वेळ काढायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले, तर तिथल्या भूगर्भ नकाशावर दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची गडद खूण! वेल्ड तिकडे गेला. दल्ली-राजहराचे डोंगरच्या डोंगर लोहखनिजाचे. पण पुन्हा तेच, योग्य कोळसा लांब आणि पाण्याची अडचण.

शेवटी कामी आलं प्रमथनाथ बोस यांचं पत्र. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त होऊन ते मयूरभंज संस्थानात काम करत होते. त्यांनी गोरुमहिसानी डोंगरातलं समृद्ध लोहखनिज कळवलं. तिथून एका बाजूला झरियाचा कोकिंग कोळसा, मध्ये सुवर्णरेखा आणि खरकई नद्यांचं पाणी, जवळून बंगाल-नागपूर रेल्वे. त्या संगमावरचं साकची गाव म्हणजे आजचं जमशेदपूर. १९०७ साली कंपनी स्थापन झाली. स्वदेशीच्या लाटेत मुंबईत शेअर विकत घ्यायला रांगा लागल्या आणि तीन आठवड्यांत भांडवल उभं राहिलं. १९१२ साली पहिलं पोलाद निघालं. पैसा मुंबईचा, मालक मुंबईचे, पहिली शोधाशोध आपल्या विदर्भात. कारखाना मात्र मुंबईपासून रेल्वेने दीड हजार किलोमीटरहून लांब.

दुर्गचे डोंगरही वाया गेले नाहीत. पन्नासच्या दशकात सोव्हिएत मदतीने भिलाईचा कारखाना तिथल्याच खनिजावर उभा राहिला.

नकाशा बदलता येतो

मग महाराष्ट्र मागे पडला का? नाही, आणि त्यात सरकारचा हात होता. १९५६पासून केंद्राने पोलादाचं भाडं समान केलं. जमशेदपूरच्या दारात पोलाद ज्या भावाने, त्याच भावाने मुंबईत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हे चाललं. ज्यांच्या अंगणात खाणी, त्यांचा नैसर्गिक फायदा गेला. पुणे-नाशिकच्या इंजिनीअरिंग कारखान्यांना मात्र हे सोयीचं पडलं. बिहार-झारखंडची पोरं कामासाठी आपल्याकडे येतात, तेव्हा 'तिकडे काहीच नाही का?' असं विचारण्याआधी हे धोरण आठवावं.

राजकारणाचं दुसरं उदाहरण तर आपल्याच तालुक्यात आहे. ओझरचा मिग विमानांचा कारखाना १९६४चा. तेव्हा इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा ओझरला, अशी वाटणी झाली. विमानाला खाणीची जवळीक लागत नाही. लागते सपाट मोकळी जमीन, रस्ता-रेल्वे, कुशल हात आणि सीमेपासूनचं अंतर. हे सगळं ओझरला होतं. आणि तेव्हाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण १९६३ साली नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कुठलीला किती वजन द्यायचं, ते तुम्ही ठरवा. पण चव्हाणसाहेबांनी मनात आणलं असतं तरी निफाडला पोलादाची झोतभट्टी परवडली नसती, हे नक्की.

तंत्रज्ञानही नकाशा बदलतं. रायगडमधल्या डोलवीचा पोलाद कारखाना खाणीजवळ नाही, खाडीजवळ आहे. जहाजाची वाहतूक इतकी स्वस्त की ऑस्ट्रेलियाचा कोळसाही परवडतो. आणि चांदा? स्पंज आयर्नच्या पद्धतीला कोकिंग कोळसा लागत नाही, त्यामुळे चंद्रपूरजवळ घुग्घुसला असा कारखाना चालतो. गडचिरोलीत सूरजागडच्या डोंगरात खाणकाम सुरू आहे. पण हा डोंगर माडिया आदिवासींच्या ठाकूरदेवाचा. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथे सत्तर-ऐंशी गाड्या जाळल्या होत्या. ज्यांच्या पायाखाली खनिज आहे त्यांना त्यातलं काय मिळतं, हे वेबरच्या हिशोबात कुठेच येत नाही. ते आपल्यालाच विचारावं लागतं.

मग लासलगावचं काय?

आपल्याकडे काळी कसदार जमीन आहे. लोहखनिज नाही, कोळसा नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्राचा कोळसासुद्धा लांबून रेल्वेने आणावा लागतो. पण वजन घटणारा माल आपल्याकडे ढिगाने आहे: कांदा. त्यात ८५ टक्क्यांच्या वर पाणी. वेबरच्या हिशोबाने कांदा वाळवून पावडर करायचे कारखाने इथे रांगेने असायला हवेत. प्रत्यक्षात त्याचं मोठं केंद्र गुजरातेत, भावनगरजवळच्या महुव्याला. कारण वाळवायला पांढरा कांदा लागतो, ज्यात पाणी कमी आणि घट्ट भाग जास्त. आपला माल लाल.

वरोऱ्याच्या कोळशाची गोष्ट आठवली ना? माल आहे एवढ्यावर भागत नाही, तो कामाच्या प्रतीचा लागतो. फरक एवढाच की कोळशाची जात बदलता येत नाही, कांद्याची येते. वाण, साठवण, वाळवण, हे प्रश्न शेती शाळांचे आणि इंजिनीअरिंग कॉलेजांचेही आहेत. पुढच्या वेळी कुणी टपरीवर 'मोठा कारखाना पाहिजे' म्हणालं, की विचारा: कशाचा? त्याला काय लागतं? आणि त्यातलं आपल्याकडे काय आहे?

तुमच्या गावाजवळ एखादा कारखाना असेल, तर तो तिथेच का आला, हे घरच्या जुन्या माणसांना विचारून मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.