न्यायाची वाट



न्याय मागावयाचा म्हणजे आधीं न्यायाच्या दारापर्यंत पोंचावें लागतें. त्या वाटेचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

पेशवाईंत गांवचा तंटा पुष्कळदां गांवांतच तुटत असे. पाटील, कुळकर्णी व जाणते लोक सभेस बसत आणि निवाड्याचा महजर होई. ही पद्धति निर्दोष खचित नव्हती; जातीचा आणि वतनाचा दाब तींत असे. परंतु वादीस आपलें म्हणणें आपल्याच भाषेंत, ओळखीच्या माणसांसमोर मांडतां येई. १८१८ सालीं पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टनसाहेबांनीं १८१९ च्या अहवालांत पंचायतीचे दोष दाखविले, तसे गुणही सांगितले. पुढें १८२७ ची कायदेसंहिता आली. न्याय लेखी व नियमबद्ध झाला, हा लाभ मोठाच. मात्र फी, वकील, परकी भाषा आणि प्रवास हीं ओझीं पक्षकाराच्या डोक्यावर बसलीं. १८६२ सालीं मुंबईस हायकोर्ट स्थापन झालें. रत्नागिरी-सोलापुराकडील पक्षकारांसाठीं कोल्हापुरास त्याचें सर्किट बेंच बसावयास २०२५ चा ऑगस्ट उजाडावा लागला!

पैशाअभावीं कोणी न्यायास मुकूं नये, हें तत्त्व राज्यघटनेंत १९७६ सालीं ३९-अ या अनुच्छेदानें आलें. १९८७ च्या कायद्यानें गरिबांस, तसेंच स्त्रियांस उत्पन्नाची अट न घालतां, मोफत वकील मिळण्याची सोय केली. मग २००७ पासून ई-कोर्टाची योजना निघाली. २०२० च्या साथींत न्यायाधीश, वकील व साक्षीदार पडद्यावर भेटूं लागले. मैलांचें अंतर एका दिवसांत मिटलें.

पण अंतर खरोखर मिटलें काय? माझ्या ओळखीच्या एका वृद्ध शेतकरी बाईंजवळ फोन नाहीं. दाव्याच्या कागदांत पुतण्याचा नंबर दिलेला. पुतण्या नोकरीसाठीं पुण्यास गेला, नंबर बदलला. तारखेचा निरोप कोणासच मिळाला नाहीं आणि दावा गैरहजेरीनें निकालांत निघाला. तो पुन्हां उभा करण्यास त्यांना बरेच महिने लागले. पूर्वीं वाट लांब होती, तरी ती डोळ्यांस दिसत असे. आतां ती जवळ आली, पण त्या बाईंना दिसेनाशी झाली.

यावर उपाय नाहीं असें नव्हे. कोर्टाच्या आवारांत ई-सेवा केंद्रें निघालीं आहेत. नागपुरास ऑक्टोबर २०२० मध्यें 'न्यायकौशल' केंद्र सुरू झालें. अशीं केंद्रें तालुक्या-तालुक्यास असावीं, तेथें मराठींत समजावून सांगणारा माणूस असावा, आणि कागदाची जुनी वाट बंद होऊं नये. यंत्र हें न्यायाचें साधन आहे, त्याचा उंबरठा नव्हे. आपणांपैकीं ज्यांच्या घरीं हें यंत्र आहे, त्यांनीं आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईंची किंवा शेजारच्या आजोबांची तारीख एकदां पाहून द्यावी, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.