घारापुरीचं हरवलेलं शहर आणि आपली पोरं

आज आपण जाणार आहोत घारापुरीला. मुंबईच्या गेटवेपासून लाँचने तासाभराचं अंतर. बचत गटाच्या सहलीत तुमच्यातल्या काहीजणी तिथे जाऊनही आल्या असतील. पायऱ्या चढल्या, त्रिमूर्तीपुढे हात जोडले, माकडांपासून डबा सांभाळला आणि संध्याकाळी परत. पण या बेटावर कधीकाळी माणसांनी गजबजलेलं बंदर होतं, हे आपल्याला सहसा कुणी सांगत नाही.

नावातच पुरी आहे बघा. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याचा ऐहोळे इथला शिलालेख इ.स. ६३४ चा आहे. त्यात शेकडो जहाजं घेऊन समुद्रातल्या पुरीवर चाल केल्याचं कोरलंय. ती पुरी म्हणजे घारापुरी, असं काही अभ्यासक म्हणतात. काहीजण जंजिऱ्याजवळच्या राजपुरीकडे बोट दाखवतात. वाद राहू दे, घारापुरीची जमीन काय सांगते ते ऐका. पूर्वेच्या टेकडीवर विटांचा जुना बौद्ध स्तूप आहे. रोमच्या बाजूने दारू-तेल भरून यायचे, त्या उंच मातीच्या भांड्यांची खापरं किनाऱ्यावर सापडली आहेत. आणि सापडली आहेत सहाव्या शतकातल्या कलचुरी राजा कृष्णराजाची तांब्याची बारकी नाणी, तीही भरपूर. लेणं खोदणाऱ्यांची मजुरी या नाण्यांनी दिली असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. रोजंदारीचे पैसे हो! छिन्नी चालवणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत, त्यांच्या मजुरीची चिल्लर तेवढी राहिली.

मग हे लेणं नेमकं कुणी, कोणत्या साली खोदलं? ते सांगणारा दगड होता. लेण्याच्या दारावर लेख कोरलेली शिळा होती. १५३४ मध्ये हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. त्यांनी ती शिळा काढून आपल्या राजाकडे पाठवली. तिकडे ती कुणालाच वाचता आली नाही, आणि पुढे गहाळ झाली. दियोगो दो कुतो या पोर्तुगीज इतिहासकाराने हे लिहून ठेवलंय. सातबारा हरवला की काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. लेखच गेला, म्हणून आजही 'पांडवांनी खोदलं' म्हणून वेळ निभावून न्यावी लागते.

ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो दगडी हत्तीसुद्धा आता तिथे नाही. १८६४ साली इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो फुटला. तुकडे जोडलेला हत्ती आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे.

आता बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. १९८७ मध्ये लेणी जागतिक वारसा झाली. समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज यायला मात्र २०१८ उजाडलं. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर. दगडाची काळजी आधी आणि माणसांची ३१ वर्षांनी, हे आम्हाला पटत नाही. पुढच्या शिक्षणासाठी इथल्या पोरांना पाणी ओलांडावं लागतं. शिकलेलं पोर तिकडेच नोकरीला लागलं, तर उद्या पावसात उघडं पडलेलं खापर ओळखणार कोण? सरकारी पहारेकरी लेण्यापाशी असतो. किनाऱ्यावर आणि रानात फिरतात ती गावचीच मुलं.

म्हणून मुलांना शिकवायचं, पण सनावळ्या पाठ करून नाही. बघायला शिकवायचं. शिवपार्वतीच्या लग्नाच्या शिल्पापुढे त्यांना उभं करा आणि विचारा, नवरी कुठल्या हाताला आहे? ती शिवाच्या उजव्या हाताला आहे. लग्न लागलं की ती डावीकडे येते, वामांगी होते. म्हणजे कारागिराने लग्न लागण्याआधीचा क्षण धरलाय. नवरी लाजून मान खाली घालून उभी आहे, मागून वडील तिला पुढे करताहेत. ज्या पोरीने आपल्या आत्याचं लग्न पाहिलंय तिला हे गाईडशिवाय कळतं. मग त्रिमूर्तीकडे न्या. जवळपास १८ फूट उंच, आणि सगळं एकाच कातळातलं. पुष्कळ लोक तिला ब्रह्मा, विष्णू, महेश म्हणतात. अभ्यासक सांगतात, तिन्ही मुखं शिवाचीच, हा सदाशिव आहे. एक मुख उग्र आहे, तर एक बाईचं, नाजूक. कुठलं ते मुलांना शोधू द्या. इतकं शोधलेलं पोर तिथल्या खांबावर स्वतःचं नाव खरडणार नाही, असं आम्हाला वाटतं.

हेच आपल्या गावातही करता येईल. मारुतीच्या पारावरचा वीरगळ, बारवेच्या भिंतीतला अक्षरांचा दगड यांना ऑइल पेंट फासू देऊ नका, त्याने अक्षरं बुजतात. मुलांकडून मोबाइलवर फोटो काढून घ्या. दगड कुठल्या भिंतीत आहे, गावातली म्हातारी माणसं त्याबद्दल काय सांगतात, हे वहीत लिहून ती वही शाळेत ठेवा. नांगरताना जुनी नाणी निघाली तर सोनाराकडे नको, तहसील कचेरीत कळवायचं असतं.

आणि घारापुरीची सहल ठरवणार असाल तर सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. परतीला वेळ उरला तर पोरांना भायखळ्याला नेऊन तो हत्तीही दाखवा.