आमचा जिल्हा, एसएसएच आणि आरसिंक

१ मे १९९९ला भंडाऱ्यातून आमचा गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षी १ डिसेंबरला ओपनबीएसडी २.६ सोबत ओपनएसएसएच आलं. योगायोगच, पण लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला गंमत वाटते.

पूर्वी टेलनेटवर पासवर्ड पोस्टकार्डासारखा उघडाच जायचा. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात तशी पासवर्डचोरी झाली, म्हणून तातू युलोनेन यांनी १९९५मध्ये एसएसएच लिहिलं. ओपनएसएसएचने ते सगळ्यांसाठी खुलं केलं.

आरसिंक १९९६चं, ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांचं. युक्ती साधी: पलीकडच्या जुन्या फाइलच्या तुकड्यांच्या खुणा मागवायच्या, आपल्या फाइलशी ताडायच्या आणि बदललं तेवढंच पाठवायचं. धानाचं अख्खं पोतं कशाला हलवायचं, चार मुठींचाच फरक असेल तर?

आमच्यासारख्या गावात लाइन संथ, त्यातून वीज कधी जाईल नेम नाही. तिथे ही युक्ती चपखल बसली. रात्री क्रॉन आरसिंकला उठवतो, एसएसएचमधून बॅकअप नागपूरला जातो. लायसन्सचे पैसे शून्य.

असो. अडचणीतून जन्मलेली साधनं अडचणीतल्यांच्याच जास्त कामी येतात, एवढं मात्र खरं. तुम्ही बॅकअप कसा घेता?