ऐकणाऱ्याची जागा

आकाशवाणीची सकाळ ज्या धुनेने उघडायची, ती तंबोरा आणि व्हायोलिनची धून एका पिढीच्या कानात कायमची बसलेली आहे. शिवरंजनीच्या अंगाने जाणाऱ्या या धुनेचं श्रेय सहसा वॉल्टर काउफमान यांना दिलं जातं. (आणखी एक-दोन नावंही घेतली जातात, तो वाद इथे नको.) काउफमानविषयी आपल्याकडे कुणी बोललंच, तर ते या धुनेपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. मला मात्र हा माणूस भेटला तो भामरागडच्या वाटेवर. अबुझमाडातल्या ज्या लोकांना इंग्रजी ग्रंथांनी ‘हिल मारिया’ म्हटलं, त्यांची गाणी युरोपीय स्वरलिपीत उतरवून घेणारा हाच. अबुझमाड आणि भामरागड यांच्यामध्ये आज राज्याची हद्द आहे. माडियांच्या सोयरिकीत ती फारशी कुणी मोजत नाही. रेल्याविषयी बाहेरच्यांनी काय काय लिहून ठेवलं आहे ते धुंडाळताना माझी गाठ या वाद्यवृंदवाल्याशी पडली.

काउफमान १९०७ साली कार्ल्सबादला जन्मलेला ज्यू. प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्याने मालरवर प्रबंध लिहिला आणि आपला मार्गदर्शक नाझींचा माणूस आहे हे कळल्यावर पदवी घ्यायचंच नाकारलं. त्याची बायको काफ्काची भाची. १९३४ मध्ये तो मुंबईत उतरला. हिंदुस्थानी संगीताच्या तबकड्या त्याने आधीच ऐकल्या होत्या आणि त्यातलं त्याला ओ की ठो कळलेलं नव्हतं. पण त्यावर त्याने जो विचार केला तो थोड्यांना सुचतो. हे संगीत बुद्धी आणि हृदय असलेल्या माणसांनी रचलं आहे, लाखो लोकांना ते आवडतं, मग मला ते परकं वाटत असेल तर दोष माझ्याकडे असणार. तेव्हा जिथे ते जन्मतं तिथे जाऊन ऐकावं. व्हिसाचीही सोय झाली, हे त्याच्या निर्णयामागचं दुसरं आणि जास्त निकडीचं कारण.

मुंबईत त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल. पियानोवर स्वतः काउफमान, व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. तीन वर्षांत शंभराहून जास्त मैफली झाल्या. त्याच वर्षांत मेहलींनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. म्हणजे एका टोकाला युरोपीय कानाला आपलं गाणं रडगाणं वाटत होतं आणि दुसऱ्या टोकाला आपल्याकडच्या खानदानी कानाला सिम्फनी म्हणजे लग्नातल्या बँडाचा थोरला भाऊ वाटत होती. ही तक्रार दोन्हीकडून दीडशे वर्षं चालू आहे. १९७१च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला बांगलादेशासाठी झालेल्या मैफलीत रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं लावत होते, तेव्हाच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सूर लावणंच एवढं आवडलं असेल तर वादनही आवडेल, असं रविशंकरांनी हसत सांगितलं. हा किस्सा आपण श्रोत्यांच्या अडाणीपणाचा म्हणून सांगतो. पण त्या श्रोत्यांनी खरोखरच काहीतरी ऐकलं होतं, आणि त्यांना ते गोड लागलं होतं. वाजवणाऱ्याच्या लेखी ती तयारी होती, ऐकणाऱ्याच्या लेखी सुरुवात.

गोंडांच्या गाण्याचं असंच झालं, आणि तिथे हसून सोडून देण्यासारखं काही नव्हतं. कारण ऐकणाऱ्यांच्या हातात लेखणी होती आणि गाणाऱ्यांच्या हातात नव्हती.

नागपूरचं हिस्लॉप कॉलेज आपल्याला माहीत असतं. ज्याच्या नावाने ते आहे तो स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला आणि १८६३ मध्ये एका ओढ्याच्या पुरात वाहून गेला. त्याच्या मागे राहिलेले कागद रिचर्ड टेंपलने १८६६ साली छापले. त्यात लिंगोची कथा आहे. एका परधानाच्या तोंडून ऐकलेलं ते दीर्घ गाणं मूळ गोंडीत आणि इंग्रजी अर्थासह दिलं आहे. हिस्लॉपचे उपकार मोठे आहेत. पण छापलं गेलं ते फक्त शब्दांचं माप: सूर नाही, वाद्य नाही, समोर कोण बसलं होतं तेही नाही. पाच वर्षांनी जेम्स फोर्सिथने आपल्या शिकारीच्या पुस्तकात हेच गाणं पुन्हा सांगितलं, तेव्हा ते लाँगफेलोच्या ‘हायवाथा’च्या छंदात बसवलं. लाँगफेलोने तो छंद फिनलंडच्या महाकाव्यावरून उचललेला. गोंडांचा लिंगो असा अमेरिकेमार्गे फिनिश ठेक्यावर चालू लागला. फोर्सिथला तो ठेका ‘आदिम’ वाटला असणार. त्याच्या कानाने गोंडी लय ऐकलीच नाही. रानातल्या माणसाची लय कशी असावी याची त्याची कल्पना आधीच तयार होती.

पुढचा माणूस ग्रिगसन. बस्तर संस्थानाचा प्रशासक होता, भाषा शिकला, पायी हिंडला. १९३८चा त्याचा ग्रंथ आजही आधाराला घ्यावा लागतो. पण त्याने रूढ केलेलं एक नाव पाहा: ‘बायसन-हॉर्न मारिया’, गव्याच्या शिंगांचे मारिया. नाचताना पुरुष डोक्यावर शिंगांचा मुकुट घालतात आणि गळ्यात ढोल अडकवतात, एवढ्यावरून एका अख्ख्या समूहाला हे नाव पडलं. जे नांगर धरताना, आजाऱ्याच्या उशाशी, जंगल खात्याच्या नाक्यावर दिसत नाही, ते नाव. प्रेक्षकाच्या जागेवरून पडलेलं नाव सरकारी दप्तरात शिरलं की निघत नाही.

व्हेरियर एल्विन या सगळ्यांत प्रेमळ. त्याचा सोबती शामराव हिवाळे आपला मराठी माणूस, हे सहसा विसरलं जातं. दोघांचं गोंड गीतांचं पहिलं पुस्तक १९३५ साली लंडनला निघालं. या अनुवादांचं कौतुक करताना लोक एल्विनचं इंग्रजी वाखाणतात. गाणाऱ्यांत मिसळून ते शब्द गोळा करण्यातला हिवाळ्यांचा वाटा तळटीपेत जातो. मुरियांच्या घोटुलवरचा एल्विनचा जाडजूड ग्रंथ १९४७चा. तो वाचून शहरी वाचकाने घोटुलमध्ये काय ऐकलं? फक्त शृंगार. आमच्या तरुणपणी नागपुरात हे पुस्तक ज्या चोरट्या उत्सुकतेने हातोहात फिरे, ती मला आठवते. भामरागडकडच्या गोटुलात पाहुणा उतरतो, पंचायत बसते, पेरणीचं ठरतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

काउफमान या रांगेत वेगळा, कारण तो शब्दांमागे गेला नाही. गोंड आणि बैगांच्या गाण्यांवरचा त्याचा लेख १९४१चा. हिल मारिया, झोरिया मुरिया आणि बस्तर मुरिया यांच्या गाण्यांवरचा लेख १९६०चा, आणि त्यांच्या वाद्यांवरचा १९६१चा. तोवर तो कॅनडात विनिपेगचा वाद्यवृंद सांभाळून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवू लागला होता. शीर्षकांतली वाटणी पाहण्यासारखी आहे. गाणी एका लेखात, वाद्यं दुसऱ्यात. वाद्यवृंद चालवणाऱ्याला हे स्वाभाविक आहे. त्याच्यापुढच्या कागदावर प्रत्येक वाद्याची ओळ निराळी असते. पण पायांसाठी त्या कागदावर ओळ नसते. आणि रेला पायांनी गायला जातो.

त्याच्या स्वरलिपीतल्या दोन चाली मी नागपुरात एका मित्राकडून हार्मोनियमवर वाजवून घेतल्या. ऐकून आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. शाळेतली प्रार्थना वाटावी असं काहीतरी. पेटीचा दोष आहेच. दोन सुरांमधली जागा तिला दाखवता येत नाही म्हणून तर आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं होतं. पण सगळा दोष पेटीचा नाही.

रेला मी प्रथम ऐकला तो भामरागडपासून पायी दीड तासावरच्या एका गावात, पंडुमच्या रात्री. आम्ही तिघं होतो: मी, हाच पेटीवाला मित्र (तो मुळात तबलजी) आणि वन खात्यातून निवृत्त झालेले एक स्नेही. मुली कमरेत हात गुंफून उभ्या, एक ओळ एका गटाने म्हणायची, दुसऱ्याने उचलायची, पाय एका अंगाला सरकत राहायचे. ढोल मध्येच येत, मध्येच थांबत. तासाभराने आम्ही शेकोटीपाशी बसलो, तर तिघांनी तीन गोष्टी ऐकल्या होत्या. तबलजी समेच्या शोधात थकला होता. त्याला वाटत होतं आवर्तन कुठेतरी चुकतंय, आणि एवढ्या जणी मिळून चुकतायत म्हणजे ते चुकत नसणार. निवृत्त अधिकाऱ्यांचं लक्ष गाण्याकडे नव्हतंच. पंचवीस वर्षं त्यांनी हा ढोल कँपच्या तंबूतून, लांबून ऐकलेला. जवळून तो इतका मऊ वाजतो याचंच त्यांना नवल वाटत होतं. मला त्याच त्या ओळीचा कंटाळा आला होता, हे लिहायला हरकत नाही.

सकाळी दुभाष्यामार्फत एका म्हाताऱ्या बाईंना विचारलं, रात्रीचं गाणं कसं झालं? त्यांनी गावांची नावं घ्यायला सुरुवात केली. अमक्या गावच्या पोरी आल्या, तमक्या गावच्या उशिरा आल्या, नदीपलीकडचे आलेच नाहीत. मला वाटलं प्रश्न कळला नाही. दुभाष्याने पुन्हा विचारला. त्यांनी पुन्हा गावंच सांगितली. गाणं चांगलं झालं की नाही ते कोण आलं यावर ठरतं, आणि बसून ऐकणाऱ्याचं मत त्यात कुठे येतच नाही. कारण बसून ऐकणारा असा कुणी त्या रचनेत नाही. जे गात नव्हते ते थोड्या वेळाने गाणार होते. रिंगण आत तोंड करून फिरतं. बाहेर उभा राहणारा पाठी ऐकतो. हिस्लॉप, ग्रिगसन, एल्विन, काउफमान या सगळ्यांनी, आणि त्या रात्री आम्ही तिघांनी, पाठी ऐकल्या.

आता तिथे मंच आला आहे. आलापल्ली-अहेरीकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणजे कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि हिंदी सिनेमाची गाणी. त्याला गर्दी होते आणि होवो. आनंदवनाचा ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद चंद्रपूर जिल्ह्याचाच. कुष्ठमुक्त, अंध, अपंग कलावंतांचा. तो ऐकायला गेलेले निम्मे लोक डोळे पुसत बाहेर पडतात आणि निम्मे गाण्याची वाहवा करत. कलावंतांना यातले कोणते श्रोते हवे असतील, हे त्यांच्या मेहनतीवरून ओळखता येतं.

रेल्याच्या बाबतीत मंच इतका निरुपद्रवी नाही. पोलिसांच्या जनजागरण मेळाव्यांत रेला नाचवला जातो. माओवाद्यांच्या चेतना नाट्य मंचानेही याच चालींवर आपले शब्द बसवले. त्यामुळे गेल्या चाळीस वर्षांत रात्रीच्या वेळी लांबून रेल्याचा सूर आला, की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न ‘कुणाचे शब्द?’ असा उठू लागला. पंडुम आहे की सभा, हे न कळणं त्या भागात जिवावर बेतू शकत होतं. झुबिन मेहतांनी २०१३च्या सप्टेंबरमध्ये श्रीनगरच्या शालिमार बागेत बव्हेरियाचा वाद्यवृंद वाजवला, तेव्हा निमंत्रितांना ते प्रेमाचं पाऊल वाटलं आणि शहरात त्याच दिवशी विरोधातला वेगळा कार्यक्रम झाला. बीथोवेन दोघांसाठी एकच होता. पण श्रीनगरला निदान दोन्ही बाजूंनी आपापलं मत मांडलं. भामरागडात ज्यांचं गाणं दोन्हीकडे वापरलं गेलं, त्यांना ते कसं ऐकू आलं हे विचारायला कुणी थांबलं नाही. मंचावर रेल्याचं रिंगण उलगडून सरळ रेघ होते, तोंडं पाहुण्यांकडे वळतात आणि सात मिनिटांत सत्कार सुरू होतो.

गेल्या खेपेला पर्लकोटेच्या पुरामुळे भामरागडला चार दिवस अडकलो. तिथे कॉलेजात जाणाऱ्या एका माडिया मुलाने आपल्या मोबाइलवरचे रेल्याचे व्हिडिओ दाखवले. त्याने ते रिंगणात नाचता नाचता घेतलेले. चित्र हलतं, शेजारणीचा खांदा दिसतो, बहुतेक वेळ जमीन दिसते आणि धुळीत पावलं. एकात मोबाइल शर्टाच्या खिशात गेला आहे. पडदा काळा, आणि त्या काळ्यात श्वास, ढोल आणि चारी बाजूंनी आवाज. सम मला त्यातही सापडली नाही. हा बिघडलेला व्हिडिओ का ठेवलास, असं मी विचारलं. तो म्हणाला, यात सगळ्यांचा आवाज आहे, आणि कोण कोण आहे ते बोटांवर मोजून सांगू लागला.