बोल्ट उघडा धरणारी कळ : विश्रांतवाडी–खडकी परिसराच्या शस्त्रेतिहासातील एक प्रकरण

पुण्याच्या ईशान्येस, आळंदीच्या वाटेवर वसलेली विश्रांतवाडी सामान्यतः आठवते ती पालखीच्या संदर्भात. तथापि तिच्या भोवतालचा प्रदेश गेल्या दीडशे वर्षांत शस्त्रांशी ज्या प्रकारे निगडित झाला, त्याचा विचार इतिहासलेखनात फारसा झालेला नाही. मुळेवरील होळकर पूल ओलांडला की खडकीची छावणी लागते. तेथे १८६९ मध्ये काडतुसांचा कारखाना निघाला. विश्रांतवाडीलगत कळस–दिघीच्या बाजूस १९६२ मध्ये लष्करी अभियांत्रिकीची संशोधन संस्था आली. १९५८ मध्ये स्थापन झालेली शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थाही आरंभी खडकीतच होती. १९६६ मध्ये ती पाषाणला गेली. खडकीचे नाव निघताच अभ्यासकाचे मन १८१७ च्या लढाईकडे धावते, हे स्वाभाविक आहे. परंतु याच भूमीवर पुढे ज्या लढाया झाल्या त्या पोलादाच्या लहानमोठ्या तुकड्यांविषयीच्या होत्या, आणि त्यांपैकी एकीचा विषय बोटाच्या पेराएवढी एक कळ हा होता.

शेवटची गोळी उडाल्यानंतर बंदुकीचा बोल्ट मागेच अडकवून ठेवणे, हे या कळीचे काम. हाताने बोल्ट ओढावयाच्या रायफलीत हा प्रश्न तितकासा तीव्र नसतो, कारण प्रत्येक बारानंतर नेमबाजाचा हात बोल्टवर जातोच. तरीही तेथे दोन संप्रदाय आढळतात. जर्मन माउझर रायफलीच्या मॅगझीनमधील पट्टी, गोळ्या संपल्या की, बोल्टला आडवी येते व तो पुढे जाऊ देत नाही. ईशापूरच्या कारखान्यात दीर्घकाळ निघालेल्या ली–एनफील्डमध्ये मात्र बोल्ट रिकाम्या मॅगझीनवरूनही सुखेनैव बंद होतो. घाईत असलेला शिपाई रिकामी नळी रोखून चाप ओढील, हा धोका या दुसऱ्या रचनेने पत्करलेला होता.

अर्धस्वयंचलित बंदूक आली आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. येथे बोल्ट आपोआप मागे जातो व आपोआप पुढे येतो. हात मध्ये पडतच नाही. आतील स्थितीची वार्ता आता यंत्रानेच द्यावयाची. ही गोष्ट प्रथम ज्यांनी नीट ओळखली त्यांत जॉन ब्राउनिंग यांची गणना करावी लागेल. त्यांच्या अर्धस्वयंचलित छऱ्याच्या बंदुकीला १९०० मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले. विंचेस्टर कंपनीशी मोबदल्यावरून त्यांचे बिनसले. रेमिंग्टनशी बोलणी सुरू होणार तोच तिचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली १९०२ च्या जानेवारीत निवर्तले. अखेर ब्राउनिंग ही रचना घेऊन बेल्जियममधील हेर्स्ताल येथील एफ. एन. कारखान्याकडे गेले. ‘ऑटो–५’ या नावाने पुढे जगभर पसरलेल्या या बंदुकीत एक काडतूस नळीत व चार मॅगझीनमध्ये राहत. पाचवे उडाले की बोल्ट मागे अडकून राही. शिकाऱ्याला न मोजताही कळे की बंदूक रिकामी आहे. शेजाऱ्यालाही ते दिसे. हा दुसरा लाभ पहिल्याहून मोठा म्हणावा लागेल.

ब्राउनिंग १९२६ मध्ये हेर्स्तालच्याच कार्यशाळेत मरण पावले. त्यांच्या हातचे अपुरे पिस्तूल द्यूदोने सैव्ह यांनी पुरे केले व ते १९३५ मध्ये ‘हाय–पॉवर’ म्हणून बाहेर आले. त्यातही शेवटच्या गोळीनंतर वरचा सरकता भाग मागे थांबतो. याच सैव्ह यांच्या नेतृत्वाखाली दुसऱ्या महायुद्धानंतर एफ. ए. एल. ही रायफल सिद्ध झाली. तेव्हा छऱ्याच्या बंदुकीत रुजलेली कल्पना एकाच कारखान्याच्या परंपरेतून लष्करी रायफलीत उतरली, असे म्हणण्यास हरकत नाही. बेल्जियन एफ. ए. एल. मध्ये रिकाम्या मॅगझीनची पट्टी कळ वर उचलते आणि बोल्ट मागे राहतो.

हीच रायफल ब्रिटिशांनी पन्नाशीच्या दशकात ‘एल१ए१’ या नावाने स्वीकारली, तेव्हा त्यांनी एक चमत्कारिक वाटणारा फेरफार केला. कळ ठेवली, पण तिला मॅगझीनशी जोडणारा दुवा काढून टाकला. बोल्ट हाताने मागे ओढून कळ बोटाने दाबली तरच तो अडकेल, आपोआप नाही. यासाठी दिले जाणारे कारण धुळीचे आहे. बोल्ट उघडा राहिला की रायफलीचे पोटही उघडे राहते, व वाळू आत जाते. ब्रिटिशांना ही भीती किती होती हे अन्य पुराव्यावरूनही दिसते : त्यांच्या बोल्टवाहकावर वाळू झटकण्यासाठी मुद्दाम खाचा पाडलेल्या आहेत.

परंतु यंत्रातून काढलेले काम नाहीसे झाले नाही. ते शिपायाच्या अंगावर आले. रायफल अडली की ब्रिटिश शिपायाने काय करावे, याचे कवायतीतील सूत्र तीन शब्दांचे होते : ताणा, अडकवा, पाहा. म्हणजे दट्ट्या ओढून बोल्ट मागे घ्यावयाचा, कळीवर अडकवावयाचा, आणि आत डोकावून मॅगझीन रिकामे आहे की गोळी अडकली आहे हे ठरवावयाचे. बेल्जियन रायफल जे न सांगता कळवीत असे, ते येथे कवायतीने हातात भरवावे लागले. शस्त्राचा इतिहास नुसत्या नकाशांवरून लिहिणाऱ्यास हा भाग दिसत नाही. त्यासाठी कवायतीची पुस्तकेही शस्त्राचा सुटा भाग मानून वाचावी लागतात.

खडकीच्या संस्थेपुढे हा प्रश्न साठीच्या दशकाच्या उंबरठ्यावर आला. भारतीय पायदळाच्या हाती तेव्हा ली–एनफील्डच होती, आणि १९६२ चे चीनबरोबरचे युद्धही मुख्यतः तिच्यावरच लढले गेले. नव्या रायफलीसाठी ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन व बेल्जियन नमुने मिळवून, खोलून तपासण्यात आले आणि त्यांवरून ‘१ए१’ ही भारतीय रायफल आखली गेली. तिचे उत्पादन ईशापूरला सुरू झाले. तिला सरसकट नक्कल म्हणण्याची रीत आहे. ती पुरतेपणी बरोबर नाही. ब्रिटिश नमुना इंची मापाचा, बेल्जियन मेट्रिक मापाचा. १ए१ चे भाग या दोहोंशीही सर्वस्वी जुळत नाहीत. तिच्या दस्त्याला तर ली–एनफील्डच्याच धर्तीची, तेलाची कुपी ठेवण्याच्या झाकणाची पट्टी आहे. जेथे नमुनेच परस्परांशी सहमत नाहीत तेथे नक्कल करणारालाही निवड करावीच लागते. कळ मॅगझीनने हलावी की बोटाने, ही अशीच एक निवड होती, आणि तिच्या मागे राजस्थानची वाळू व नव्या शिपायाचा गोंधळ या दोहोंचे वजन करणे भाग होते.

छऱ्याच्या बंदुकीच्या नागरी जगात हा तोल निराळा पडतो. खडकीच्या कारखान्यात लष्करी गोळ्यांबरोबर बारा बोअरची काडतुसेही निघाली; ‘शक्तिमान’ हे नाव परवानाधारकांच्या परिचयाचे आहे. येथे वाळूपेक्षा शेजाऱ्याच्या जिवाची चिंता अधिक, म्हणून ज्या अर्धस्वयंचलित बंदुकांत कळ नसते त्यांत ती बसवून घेण्याची इच्छा मालकांना होते. हिंदुस्थानात मात्र हे काम घरी करावयाचे नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमाने बंदुकीची निर्मिती व विक्री यांच्याच पंक्तीस दुरुस्ती व रूपांतर यांनाही बसविले आहे. ते परवानाधारक कारागिराकडूनच व्हावे लागते. नेमबाजीच्या मैदानावर तर कळ असो वा नसो, फैरींच्या मधल्या वेळात छऱ्याची बंदूक उघडी ठेवूनच वागवावी लागते.