फावड्याचे शास्त्र

मंडळी, फावडे मारण्यात कसले आले शास्त्र, असे आपण म्हणाल. पण अमेरिकेतल्या बेथलेहेम पोलाद कारखान्यात १८९८ नंतर फ्रेडरिक टेलर या इंजिनियराने हाच प्रश्न धसास लावला. तेथे मजूर घरचेच फावडे आणीत. त्यात कोळशाच्या चुऱ्याचे जेमतेम साडेतीन पौंड येत, खनिजाचे मात्र अडतीस! टेलरने मोजून पाहिले. खेपेला २१ पौंड, म्हणजे सुमारे साडेनऊ किलो, उचलले तर दिवसाचे काम सर्वांत जास्त होते. मग खनिजाला लहान, चुऱ्याला मोठे फावडे कारखान्यानेच दिले, मजुरीही वाढवली. मातीला फावडे अन् पाचोळ्याला दाताळे घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे नवे वाटायचे नाही.

१९११ साली टेलरचे ‘शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे’ हे पुस्तक निघाले. त्यात एक गोम होती. विचार वरच्यांनी करायचा, मजुराने फक्त सांगितलेले करायचे. गुरुजी, अशा वर्गात मुले काय शिकतील? त्याच वर्षी वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रकारखान्यात घड्याळ घेऊन माणूस पाठीशी उभा राहिला, तेव्हा ओतकाम करणारे कारागीर काम टाकून बाहेर पडले. माझ्या मते त्यांचा राग रास्त होता. संसदेने चौकशी नेमली, १९१२ साली खुद्द टेलरची साक्ष झाली, आणि पुढे सरकारी शस्त्रकारखान्यांत घड्याळ लावून काम मोजण्यास बंदी आली.