काळजाचा ठोका चुकतो तेव्हा : थोडा इतिहास, थोडी शहानिशा

"डॉक्टर, छातीत मासा उडी मारल्यासारखं होतं. दोन-चार सेकंद. मग सगळं ठीक."

नवी मुंबईतल्या माझ्या दवाखान्यात ही तक्रार नेहमीची. कधी महापेच्या रात्रपाळीतून आलेला तरुण असतो, कधी पाळी जाण्याच्या वयातली ताई, कधी सत्तरीकडे झुकलेले काका. मी नाडी धरतो, ती नियमित. ईसीजी काढतो, तो नॉर्मल. समोरच्याचा चेहरा पडतो : म्हणजे मला काही झालंच नाही का?

झालेलं असतं. पण साधा ईसीजी जेमतेम १० सेकंदांचं हृदय दाखवतो आणि तुमची तक्रार होती काल रात्री अकराची. शिवाय 'चुकलेला' ठोका बहुतेक वेळा चुकलेला नसतो, लवकर पडलेला असतो. ठोक्यांचं मुख्य केंद्र हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात आहे. त्याच्या आधीच दुसऱ्याच एखाद्या जागेवरून ठिणगी पडते. हृदय पुरतं भरलेलं नसल्याने तो ठोका मनगटाशी पोहोचत नाही. मग थोडा विराम आणि त्यानंतरचा ठोका जोरात. तुम्हाला जाणवते ती हीच 'उडी'.

या विरामाची भीती जुनी आहे. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या चालीला सापाची, बेडकाची, हंसाची उपमा दिली आहे आणि थांबून थांबून चालणारी नाडी प्राणघातक मानली आहे. त्या वैद्यांना दोष देऊ नका. अत्यवस्थ रोग्याच्या उशाशी बसून त्यांनी ते पाहिलं होतं. फक्त तशीच नाडी घेऊन पुढे तीस वर्षं शेती करणारा माणूस त्यांच्याकडे बहुधा आलाच नसेल.

तो माणूस दिसला जेम्स मॅकेंझी यांना. इंग्लंडमधल्या बर्नली या गिरण्यांच्या गावातले हे साधे फॅमिली डॉक्टर. (आमच्यासारखेच, हे सांगताना जरा बरं वाटतं.) हृदयरोग असलेली एक तरुण गर्भवती त्यांच्या देखत बाळंतपणात दगावली आणि कोणती लक्षणं घातक, कोणती निरुपद्रवी, हे आपल्याला कळत नाही, ही बोच त्यांना लागली. मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेचं स्पंदन एकाच वेळी कागदावर उमटवणारं यंत्र त्यांनी वापरात आणलं आणि तेच रुग्ण वर्षानुवर्षं पाहत राहिले. त्यातून दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. एक, मधूनच लवकर पडणारा ठोका. हृदय बाकी निरोगी असेल तर अशी माणसं वर्षानुवर्षं ठणठणीत राहत. दुसरी, नाडीला कसलाच ताल न उरणं. सांधेतापाने झडप खराब झालेल्या एका बाईंना ते १८८० पासून पाहत होते. १८९८ मध्ये त्यांची नाडी अशी बेताल झाली आणि मानेतली वरच्या कप्प्याची लाट नाहीशी झाली. पुढे आइन्थोव्हेन यांचं ईसीजी यंत्र आलं आणि १९०९ मध्ये थॉमस लुईस यांनी दाखवलं की अशा रुग्णांत वरचे कप्पे नुसते थरथरत असतात. याला आज आपण एट्रियल फिब्रिलेशन म्हणतो.

पण येऊन निघून जाणारी धडधड अजून हाती लागत नव्हती. अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांनी ईसीजीच पाठीवर बांधला, वजन सुमारे ३८ किलो! आज 'होल्टर' लावून तुम्ही २४ तास लोकलने फिरता, ते त्याचंच लहानसं रूप.

आता आपल्या रायगड जिल्ह्यात या. १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात धडधाकट माणसं, मुलं मरत होती. बावस्कर रात्र-रात्र रुग्णांजवळ बसून नोंदी करत राहिले : दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, वाढलेलं बीपी, वेगाने आणि मध्येच वेडेवाकडे पडणारे ठोके आणि शेवटी फुप्फुसात पाणी. विष अ‍ॅड्रेनलिनसारख्या संप्रेरकांचं वादळ उठवतं आणि त्यात हृदय सापडतं. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'ने त्यांची निरीक्षणं छापली. पुढे प्राझोसिन या बीपीच्या स्वस्त गोळीने त्यांनी मृत्यूचं प्रमाण खूपच खाली आणलं. खेड्यातल्या दवाखान्यात, कोणत्याही मोठ्या यंत्राशिवाय!

मी हे अशासाठी सांगतोय की तेच अ‍ॅड्रेनलिन, फार छोट्या मात्रेत, तुमच्या-माझ्या छातीतही ठिणगी टाकतं. सलग जागरण, दिवसाचे आठ कप चहा, परीक्षा, भांडण, ताप. याशिवाय रक्ताची कमतरता, थायरॉइड वाढणं, जुलाबाने पोटॅशियम उतरणं, दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या. आणि दारू. सुट्टीत भरपूर पिऊन बिघडणाऱ्या तालाला १९७८ मध्ये अमेरिकेत 'हॉलिडे हार्ट' असं नावच पडलं. १ जानेवारीच्या सकाळी ते मी इथेही पाहतो.

म्हणून ठोका चुकला एवढ्यावर मी घाबरत नाही, त्याच्यासोबत काय आलं ते विचारतो. चक्कर येऊन पडलात का? छातीत दुखलं, दम लागला? व्यायाम करताना झालं? घरात कोणी तरुण वयात अचानक गेलं आहे का? यातलं एकही 'हो' असेल तर थांबू नका. धडधड चालू असतानाच छातीत दुखत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर मला फोन करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. बाकीच्यांनी पुढच्या वेळी मनगटावर तीन बोटं ठेवावीत, मिनिटभर ठोके मोजावेत, ताल एकसारखा आहे का पाहावं आणि वेळ लिहून ठेवावी. तुमची ती चिठ्ठी मला पुष्कळदा ईसीजीपेक्षा जास्त सांगते.

त्या रात्रपाळीच्या तरुणाच्या होल्टरमध्ये दिवसभरात काही शे लवकर पडलेले ठोके निघाले. इको नॉर्मल. चहा कमी केला, झोप सुधारली, तक्रार बरीच ओसरली. काकांना मात्र बीपी आणि मधुमेह दोन्ही. त्यांनी सांगितलेली धडधड होती संध्याकाळची, ती साधी निघाली. पण पहाटे तीनच्या सुमारास, गाढ झोपेत, अकरा मिनिटांचं एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. अशा थरथरणाऱ्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू केली. काका अजून विचारतात, "मला तर काही जाणवलंच नव्हतं, मग गोळी कशाला?" दर भेटीत मी त्यांना होल्टरचा तो कागद पुन्हा काढून दाखवतो.